शेवटची गाडी आणि एकटी बाई

कोजागरीच्या सुमाराला सोलापूर–तुळजापूर रस्ता रात्रभर चालत असतो. सोलापुरातून आणि पलीकडे कर्नाटकातून आलेली माणसं देवीच्या दर्शनाला अनवाणी तुळजापूरची वाट धरतात, मोठ्या गाड्या दुसरीकडून वळवल्या जातात. जागोजागी मांडव, चहा, फराळ आणि पायांना तेल चोळून देणारी मंडळी. या गर्दीत बायका भरपूर असतात. म्हाताऱ्या, नव्या नवऱ्या, कॉलेजच्या पोरी, कडेवर लेकरू घेतलेल्या. रात्री दोन वाजता तामलवाडीच्या पुढं रस्त्याकडेला पाय लांब करून बसलेल्या बाईला कुणी विचारत नाही, की ताई, एवढ्या रात्री एकट्याच कशा? पौर्णिमा उलटून पंधरा दिवस झाले, की तीच बाई त्याच रस्त्यावरच्या फाट्यावर रात्री साडेनऊला एसटीतून एकटी उतरते, आणि घरी सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो.

रस्ता तोच आणि अंधारही तोच असतो. कोजागरीला तिथं माणसं जागी असतात, एवढाच फरक. बाईच्या एकट्या प्रवासाबद्दल आपल्याकडं जे बोललं जातं, छापलं जातं आणि मोबाईलवर फिरतं, त्यात हा फरक क्वचितच दिसतो. सगळा भर तिनं काय करावं यावर असतो. पर्समध्ये मिरपूड ठेव, फोन चार्ज ठेव, अनोळखी माणसाशी बोलू नकोस, उशीर करू नकोस. यातलं काही वाईट नाही. पण धाराशिव जिल्ह्यातून पुण्या-मुंबईला, लातूरला, सोलापूरला एकटीनं ये-जा करणाऱ्या मुलीचा प्रवास सुखरूप होतो की नाही, हे तिच्या पर्समधून फार थोडं ठरतं. गाडी कुठं आणि किती वाजता थांबते आणि तिथं कोण जागं असतं, यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे.

पूर्वी हा प्रश्न सोडवण्याची आपली एक रीत होती: मुराळी. लेक सासरहून माहेरी यायची तर भाऊ, चुलता, नाहीतर गड्याबरोबर घरातलं शेंबडं पोरगं, पण पुरुष म्हणून कुणीतरी आणायला जायचं. बाई एकटी वाट चालत नसे. जी चाले तिच्याकडं बोट दाखवलं जाई. 24 फेब्रुवारी 1883 रोजी आनंदीबाई जोशी यांनी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला भाषण केलं, तेव्हा त्यांना अठरावं वर्षही पुरं झालं नव्हतं. अमेरिकेला का जाते, इथं शिक्षणाची सोय नाही का, अशा प्रश्नांची उत्तरं त्यांनी त्या भाषणात दिली. त्यातला एक प्रश्न होता, एकटीच का जाते? दीडशे वर्षं होत आली, तरी तो प्रश्न विचारायचं आपण थांबलेलो नाही. एप्रिलमध्ये त्या बोटीत बसल्या ते मिशनरी बायकांच्या सोबतीनं. नवरा मागं राहिला. म्हणजे सोबत होती, मुराळी नव्हता. तुळजापूरच्या आराधी बायकांचंही तसंच असतं. परडी घेऊन त्या जथ्यानं गावोगाव हिंडतात, बरोबर पुरुष असलाच पाहिजे असं काही नसतं.

मराठवाड्यात मुराळ्याला खरी सुट्टी दिली ती एसटीनं. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर धावली. पुढं लाल गाडी खेड्यापाड्यांत पोचली आणि मुराळ्याचं काम कंडक्टरकडं आलं. "एवढं आमच्या ताईला अणदूरला उतरवा बरं का," असं खिडकीतून सांगितलं की घरचे निर्धास्त होत. कंडक्टरला गावं ठाऊक, माणसं ठाऊक, आणि गाडी सरकारची. तिकिटाबरोबर एक जबाबदारीही दिली जात होती. तिची नोंद कुठल्याच कागदावर नसे.

या व्यवस्थेतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळची शेवटची गाडी गावात येऊन थांबते, चालक-वाहक तिथंच रात्र काढतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघते. तिच्यामुळं कॉलेजला गेलेली पोर शेवटच्या गाडीनं थेट गावात उतरते. फाट्यापासून गावापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर तिला अंधारात चालावे लागत नाहीत. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीपासून एप्रिल 2022 पर्यंत एसटीचा संप चालला. त्यानंतर पूर्वीच्या सगळ्या मुक्कामी गाड्या परत आल्या नाहीत, ही तक्रार खेड्यांतून अजून ऐकू येते. मुक्कामी गाडी बंद होणं हे वाहतुकीच्या कागदावर 'फेरी रद्द' एवढंच असतं. घरात त्याचा अर्थ होतो, पोरीचं बारावीनंतरचं शिक्षण बंद. कुणी तिला काही केलेलं नसतं, गुन्हाही नोंदलेला नसतो. ती सुरक्षित राहते, पण घरात बसून.

हे नुसतं मराठवाड्याचं रडगाणं नाही. गिरिजा बोरकर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. रस्ता जास्त सुरक्षित मिळत असेल तर मुली कमी दर्जाचं कॉलेज पत्करतात, मुलगे इतकी तडजोड करत नाहीत, असं त्यांना आढळलं. बिहारनं नववीच्या मुलींना सायकली दिल्या, तर त्या वयाच्या मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी 32 टक्क्यांनी वाढली, असं कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात दिसलं. त्या पोरी घोळक्यानं सायकली हाकत जात, हेही त्यात महत्त्वाचं. आपल्या राज्यात मागास तालुक्यांसाठी मानव विकास कार्यक्रमाच्या, मुलींना शाळेला नेणाऱ्या निळ्या गाड्या आहेत आणि ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत मोफत पास आहे. दोन्ही योजना चांगल्या. पण त्या शाळेच्या वेळेला बांधलेल्या आहेत. प्रॅक्टिकल लांबलं, की पास खिशात राहतो आणि गाडी निघून जाते.

17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. या सवलतीवर विनोद पुष्कळ झाले, पण तिचा एक परिणाम फारसा बोलला गेला नाही: गाडीत बायका वाढल्या. जिथं पंधरा बायका बसलेल्या आहेत तिथं सोळावी एकटी नसते. सुरक्षिततेसाठी म्हणून आणलेल्या कितीतरी उपायांपेक्षा हा उपाय जास्त लागू पडला असं माझं मत आहे, आणि तो सुरक्षिततेसाठी आणलेलाच नव्हता. उमरग्याच्या बायकांना मात्र त्याची हद्द लगेच कळते. बसवकल्याणला किंवा आळंदला जायचं तर राज्याच्या सीमेपर्यंत अर्धं आणि पुढं पूर्ण तिकीट. तिकडं कर्नाटकची जून 2023 पासूनची मोफत प्रवासाची शक्ती योजना आहे, पण ती तिथल्या रहिवासी बायकांसाठी.

आता स्वारगेटबद्दल. 25 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात फलटणला निघालेली 26 वर्षांची तरुणी गाडीची वाट पाहत होती. एका माणसानं तिला ताई म्हणून हाक मारली, तुमची गाडी दुसरीकडं लागली आहे असं सांगितलं आणि उभ्या असलेल्या रिकाम्या शिवशाहीकडं नेलं. त्या गाडीत तिच्यावर बलात्कार झाल्याची तक्रार आहे. आरोपी तीन दिवसांनी शिरूर तालुक्यात सापडला. सल्ल्यांच्या कुठल्याही यादीशी ही घटना ताडून पाहा. ती खासगी गाडीत बसली नव्हती, आडवाटेला गेली नव्हती. ती सरकारी स्थानकात सरकारी गाडीची वाट पाहत होती, आणि तिथं बाकीचे प्रवासीही होते. यादीतलं बहुतेक सगळं तिनं पाळलेलं होतं. पाळलं नव्हतं ते स्थानकानं. गाडी कुठल्या फलाटाला लागणार हे पहाटे पाचला तिला अधिकृतपणे सांगणारं कुणी असतं, तर अनोळखी माणसाचा शब्द तिच्या कामाचाच नव्हता. उभ्या गाड्यांना कुलपं असती, तर त्या शब्दाचा पुढं उपयोगही झाला नसता.

त्यानंतर आगारांतल्या भंगार गाड्या हटवण्याचे आणि स्थानकांच्या सुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. ते देणारे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांच्याकडं त्याच वर्षी जानेवारीत धाराशिवचं पालकमंत्रिपद आलं होतं. जिल्ह्यात आगारं सहाच: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा. एवढ्या स्थानकांवर रात्री चौकशीची खिडकी उघडी ठेवायची आणि भोंग्यावरून गाडीचा फलाट सांगायचा, तर त्याला कुठलं नवं तंत्रज्ञान लागत नाही. प्रवाशापुरता धडा इतकाच, की गाडीबद्दल विचारायचं ते खिडकीवर, नाहीतर गणवेशातल्या, बिल्ला लावलेल्या माणसाला. ताई म्हणणाऱ्या प्रत्येकाला नाही. आपल्याकडं ताई या शब्दावर माणूस पटकन विश्वास टाकतो, आणि ते ओळखून असणारेही असतात.

पण माझ्या मते आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात दुर्लक्षित धोका बसस्थानकात नाही. तो ट्रॅव्हल्सच्या पायरीवर आहे. पुण्याला नोकरी करणाऱ्या, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या, नर्सिंग शिकणाऱ्या मुली शुक्रवारी रात्री खासगी गाडीनं निघतात. गाडीची वेळ ठरते ती पुण्यातून सुटण्याच्या सोयीनं आणि शेवटच्या गावाला सकाळी पोचण्याच्या सोयीनं. मधली गावं मग येतात पहाटे तीनला, साडेतीनला. आणि गाडी गावात शिरत नाही. ती बायपासवर, उड्डाणपुलाच्या तोंडाशी, येडशी नाहीतर येरमाळ्याच्या फाट्यावर पोरीला उतरवते आणि निघून जाते. गाडीत कॅमेरा, ब्लँकेट, पाण्याची बाटली, चार्जिंग सगळं असतं. धोका सुरू होतो दार बंद झाल्यावर. घरचा माणूस मोटरसायकल घेऊन आधीच येऊन थांबलेला असतो, म्हणजे आपण पुन्हा मुराळ्यावरच आलो. त्याची गाडी पंक्चर झाली, तर सगळी व्यवस्था पंक्चर.

यावर प्रवाशाच्या हातात काही गोष्टी नक्की आहेत. तिकीट काढताना गाडी गावातल्या स्थानकाजवळ थांबते की बायपासला, हे विचारून घ्यावं. बायपास म्हणाले तर कुठला ढाबा, कुठला पेट्रोलपंप, हे नावानिशी ठरवावं आणि उजेडाच्या जागीच उतरावं. रात्रभर उघड्या असलेल्या पंपावर अर्धा तास बसणं हे अंधाऱ्या फाट्यावर पाच मिनिटं उभं राहण्यापेक्षा केव्हाही बरं. शक्य असेल तर उजाडल्यावर पोचणारी गाडी घ्यावी, मग ती लाल का असेना. पण हे सगळं झालं तात्पुरतं. केरळच्या परिवहन महामंडळानं रात्री आठ ते सकाळी सहा या वेळात बायका, वृद्ध आणि अपंग सांगतील तिथं गाडी थांबवण्याचा आदेश काढला. आपल्याकडं एसटीनं आणि परवान्याच्या अटीतून ट्रॅव्हल्सनंही हे करायला हरकत नाही. एका जादा थांब्याला किती डिझेल लागतं?

रेल्वेचं थोडक्यात सांगते, कारण जिल्ह्याच्या नशिबात रेल्वेच थोडी आहे. लातूर–मुंबई गाडी धाराशिवला रात्री उशिरा येते, परतीची पहाटे, आणि स्टेशन शहराच्या बाहेर. लांब पल्ल्याच्या गाडीत स्लीपर वर्गात बायकांसाठी सहा बर्थचा वेगळा कोटा असतो. तिकीट काढताना तो मागावा लागतो, आपोआप मिळत नाही. मदतीचा नंबर 139. आणि रेल्वे कायद्याचं कलमही योगायोगानं 139: बरोबर पुरुष नसलेल्या बाईकडं तिकीट नसलं, तरी रात्री तिला कुठल्याही आडस्टेशनवर उतरवता येत नाही. उतरवायचं तर दिवसा, आणि ती बसली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण असेल तिथंच. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव मार्ग पुरा झाला, की हा परिच्छेद मोठा होईल.

मुक्कामाचं काय? तुळजापूर हे देवीचं ठाणं, तिथं बायकांचा राबता बारमाही. देवस्थानचे भक्तनिवास आहेत, लॉजेस आहेत. तरीही एकटी बाई खोली मागायला गेली की काउंटरवरचा माणूस आधी तिच्या मागं बघतो, कुणी येतंय का ते. एकट्या बाईला खोली देऊ नये असा कुठलाही कायदा नाही. ओळखपत्र आणि रजिस्टरमधली नोंद एवढंच लागतं. नाकारणारे "आम्हाला नंतर लफडं नको" म्हणतात, आणि तिला रात्री रस्त्यावर परत पाठवताना आपण लफड्याची सोय करतोय हे त्यांच्या ध्यानात येत नाही. भूम-परंड्याकडं तपासणीला, निवडणुकीच्या कामाला, सर्वेक्षणाला जाणाऱ्या नोकरदार बायकांना याचा त्रास विशेष होतो. खोली मिळाली तर आतून कडी लागते का, खिडकी बंद होते का, हे सामान टाकण्याआधी पाहावं. चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, आणि लॉजमालकाला ते माहीत असतं.

कायद्याची बाजू खरं तर सगळ्यात भक्कम आहे आणि सगळ्यात कमी वापरली जाते. 1 जुलै 2024 पासून नव्या संहिता लागू झाल्या. न्याय संहितेत अंगाशी झोंबणं कलम 74, लैंगिक छळ 75, पाठलाग 78, अश्लील शब्द नि हावभाव 79. प्रवास करणाऱ्या बाईच्या सगळ्यात कामाचं आहे ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173, म्हणजे शून्य क्रमांकाचा एफआयआर. टेंभुर्णीजवळ बसमध्ये कुणी छेड काढली आणि तुम्ही उतरलात उमरग्याला, तर उमरग्याच्या ठाण्यात तक्रार घ्यावीच लागते. "ते आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर बेकायदा आहे. कलम 74 सारख्या गुन्ह्याची खबर नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसालाच न्याय संहितेच्या कलम 199 खाली किमान सहा महिन्यांची सक्तमजुरी सांगितलेली आहे. तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानं कळवून तीन दिवसांत सही करता येते. संकटात 112, मदत आणि सल्ल्यासाठी 181. हे दोन नंबर पाठ असावेत, फोनमध्ये साठवलेले नव्हे, कारण पहिल्यांदा हिसकावला जातो तो फोनच.

तरीही 112 सगळ्यांना सारखाच आधार वाटतो असं समजू नये. पारधी वस्तीतल्या बाईला पोलिसांची गाडी हीच भीती असू शकते. आणि वाशी-भूमकडून दिवाळीच्या आसपास ट्रकमध्ये भरून कारखान्यांना जाणाऱ्या ऊसतोड बायकांच्या प्रवासाला तर कुणी प्रवास म्हणतच नाही. बाईची सुरक्षितता म्हटली की डोळ्यांपुढं पाठीवर सॅक घेतलेली मुलगी येते. मीही वर बहुतेक तिच्याबद्दलच लिहिलं आहे.

उपकरणांकडं वळायचं तर डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या घटनेनंतर निर्भया निधी आला, आणि 1 जानेवारी 2019 पासून नव्या सार्वजनिक प्रवासी गाड्यांना ठावठिकाणा सांगणारं यंत्र आणि धोक्याचं बटण सक्तीचं झालं. बटण चांगलंच. पण ते दाबल्यावर कुठल्या खोलीत वाजतं, तिथं रात्री कोण बसलेलं असतं आणि ते लोहाऱ्याला किती वेळात माणूस पाठवू शकतात, हे प्रवाशाला कुणी सांगत नाही. नातेवाइकाला लाईव्ह लोकेशन पाठवणं उपयोगी आहे, पण पलीकडचा माणूस झोपला तर नकाशावरचा ठिपका एकटाच चालत राहतो. सेफ्टी पिनेबद्दल मात्र मला आदर आहे. गर्दीच्या गाडीत आयांनी मुलींना शिकवलेलं ते पहिलं शस्त्र, चार्जिंग लागत नाही.

पाण्याचंही बोलायला हवं. पाच तासांच्या प्रवासात बायका पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह कसं असेल याचा भरवसा नसतो. ढाब्यावर मागच्या अंधारात जावं लागतं. उघड्यावर किंवा बिनकडीच्या दारामागं बसलेली बाई ही प्रवासातली सगळ्यात असुरक्षित बाई. 2011 मध्ये मुंबईत राइट टू पी ही मोहीम सुरू झाली तेव्हा लोक हसले होते. स्थानकाच्या सुरक्षेची तपासणी करणाऱ्यांनी कॅमेरे मोजण्याआधी स्वच्छतागृहांच्या कड्या मोजाव्यात.

एक आकडा कायम लक्षात ठेवण्यासारखा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं, की बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात. म्हणजे घरी बस, बाहेर धोका आहे, हा सल्ला आकड्यांना धरून नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉइटर?' या 2011 च्या पुस्तकात मुंबईच्या संदर्भात मुद्दा मांडला होता, की बाईला संरक्षणापेक्षा शहरात वावरण्याचा, त्यातली जोखीम स्वतः पत्करण्याचा हक्क हवा. तो मुद्दा मला मान्य आहे. फक्त मुंबईत लोकल रात्री एकपर्यंत असते. जिथं साडेसातला शेवटची गाडी जाते, तिथं हक्काच्या आधी वेळापत्रक मागावं लागतं.

मागायची जागा आहे. ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद ग्रामपंचायत कायद्यात आहे आणि निम्म्या जागांवर बायका निवडून आलेल्या आहेत. तुमच्या गावच्या पुढच्या महिला सभेत तीन ओळींचा ठराव करा: फाट्यावर दिवा लावावा, मुक्कामी गाडी सुरू करावी, रात्रीच्या गाडीनं बायका सांगतील तिथं थांबावं. दिव्याचं काम ग्रामपंचायतीनं करायचं. बाकी दोन मागण्यांची प्रत आगारप्रमुखांना द्या, एक धाराशिवला विभाग नियंत्रकांना, आणि पोच घ्यायला विसरू नका.